चंद्रीचा पान्हा

जोतीरामची म्हैस चंद्री म्हणजे नखऱ्याचं गाठोडं. त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणी कासेला हात लावला की पान्हा चोरायची, वर लाथही घालायची. "मालकाच्या लाडानं डोक्यावर बसलीय," असं त्याची बायको गोजरबाई म्हणे आणि लांबूनच आंबोणाची पाटी सरकवी. अशा म्हशीखाली जोतीराम एक दिवस आपण होऊन बायकोला बसवायला निघाला, तेव्हा गोजरबाईला वाटलं, देव पावला.

कारण वर्षभरात त्या माणसानं आपण होऊन काहीच केलं नव्हतं. सत्त्याण्णवच्या दिवाळीत त्याचा उजवा हात कापायला लागला, मग पाय अडखळायला लागले. उमेदीत दीडशे मेंढरं घेऊन घाट उतरणाऱ्या गड्याला सदऱ्याचं बटण लागेना. बारामतीला पुण्याचे मेंदूचे डॉक्टर महिन्यातून एकदा येत. त्यांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या आणि गोजरबाईला बाजूला घेतलं. "मावशी, या आजारात मनही खचतं. तो आजाराचाच भाग आहे, त्यावरही औषध आहे. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे त्यांना सरळ विचारा. विचारल्यानं काही होत नाही."

म्हणे काही होत नाही! डॉक्टर पडला शहरातला. घरात अभद्र बोललं की वास्तू तथास्तु म्हणते, हे गोजरबाईला आईनं शिकवलं होतं. तिनं तोंडाला कुलूप घातलं. जोतीराम ओट्यावर बसून राही, भाकरी कुस्करून तशीच ठेवी, आणि ती त्याच्याभोवती भांडी आपटत फिरे.

म्हणून चंद्रीची शिकवणी सुरू झाली तेव्हा ती हरखली. त्यानं आपला घामट सदरा तिच्या अंगावर चढवला. "वासानं फसंल ती. दम धर, आदी पाठीवरनं हात फिरव. बोल तिच्याशी." तीन आठवडे रोज सकाळी तो शेजारी उकिडवा बसून सांगत होता. चार घास जास्त जेवू लागला. एकदा चंद्रीनं शेपटीचा फटका गोजरबाईच्या तोंडावर दिला, तर हसलासुद्धा. गोजरबाईनं बिरोबाला नारळ फोडला.

शेजारच्या प्रयागबाईच्या जिभेला हाड नव्हतं. डेअरीच्या रांगेत ती म्हणाली, "आमचं धनी अचानक गेलं, तवा म्हशीनं म्हैनाभर थेंब दिला न्हाय. आटलीच की. तुझा मालक शाना बाई! जायच्या आदीच सोय लावतोय." आणि खदाखदा हसली.

गोजरबाईच्या हातातली किटली कलंडली. दूध पायावर सांडलं तरी ती तशीच उभी राहिली. प्रयागबाई काय बोलून गेली ते तिचं तिला कळलं नव्हतं, गोजरबाईला कळलं होतं.

तेव्हापासून भीती तिच्याकडे मुक्कामालाच आली. कपाशीवर मारायचं औषध तिनं भावाच्या रानात नेऊन टाकलं. जोतीराम विहिरीवरच्या मोटारीकडे निघाला की पाठोपाठ हीही विळा घेऊन निघे, गवत असो नसो. हाक मारली आणि ओ यायला उशीर झाला, तर हातातलं टाकून धावत सुटे. पण विचारणं? ते काही होईना. त्याऐवजी ती धार मुद्दाम चुकवू लागली. कास ओरबाडायची, चंद्री लाथ घालायची, चरवी उडायची. जोवर म्हैस आपल्याला दूध देत नाही तोवर हा कुठं जात नाही, एवढं तिनं मनाशी धरलं होतं. मांडी काळीनिळी झाली, पण बाई हटली नाही.

जनावराला मात्र माणसाची सवय लागतेच. एका सकाळी गोजरबाई रडून थकली होती. कपाळ म्हशीच्या कुशीला टेकून ती नुसतीच कासेवरून हात फिरवत बसली, आणि चंद्री पान्हावली. चरवीत धार वाजली तशी ती भानावर आली. हात काढावा तर जोतीराम मागेच उभा होता.

"जमलं बघ," तो अगदी शांतपणे म्हणाला. "आता काळजी न्हाय. उद्या इंदापूरला जाऊ. सातबाऱ्यावर तुजं नाव लावायचं हाय."

दुसऱ्या दिवशी दोघं इंदापूरच्या स्टँडवर उतरली. पलीकडे सोलापूर रस्त्यावर ट्रकांची रीघ होती. जोतीराम तहसील कचेरीकडे निघाला आणि दहा पावलांवर त्याचा पाय जमिनीला चिकटल्यासारखा थांबला, दुखण्यात थांबायचा तसाच. गोजरबाईनं कोपर धरलं. वर छप्पर नव्हतं, घर नव्हतं, ऐकायला वास्तू नव्हती. होता तो नुसता भोंग्यांचा कालवा.

"अवं," ती म्हणाली. "तुमी जिवाचं काय बरंवाईट करून घेनार हाय का?"

तिला वाटलं, तो रागावेल. वेड लागलं का म्हणेल. त्यानं ट्रकांवरची नजर तिच्याकडे वळवली. मग त्याचा ओठ हाताबरोबर कापायला लागला.

"व्हय," जोतीराम म्हणाला. "म्हस तुला दूद देईस्तवर थांबायचं ठरीवलं हुतं."

गोजरबाई मटकन फुटपाथवर बसली. त्याला वाकता येईना, तो उभाच राहिला.

"मी कवाधरनं वाट बघतुया गोजरा, तू इचारशील म्हनून," तो म्हणाला. "रोज बघायचीस माज्याकडं. इचारायची न्हाईस. मला वाटलं, तुला बी चालंल."

एवढी पाळत, एवढे नवस, आणि घरात तो एकटाच बसला होता.

ती उठली. बारामतीची गाडी फलाटाला लागत होती. डॉक्टर आज असतील का, तिला माहीत नव्हतं. नसतील तर येईपर्यंत दवाखान्याच्या दारात बसायची तिची तयारी होती.

"आज बी हाय का मनात?"

"हाय."

"मग मी हात सोडत न्हाय."

बारामती येईपर्यंत तिनं तो हात सोडला नाही. तो लटलट कापत होता, आणि त्याच्याबरोबर तिचाही दंड खांद्यापर्यंत कापत होता.