अब्बांच्या लुंगीचं दुपटं

फकीर मोहम्मद पिंजारी आपल्या पोटुशी लेकीला पाहून पळाला, हे धामणगाव बढ्यात भरदुपारी चारचौघांनी डोळ्यांनी पाहिलं. बासष्ट वर्षांचा माणूस, अंगात त्राण नाही, आणि पळाला म्हणजे कसा, तर एक चप्पल पायात अन् एक दुकानाच्या पायरीवर. गुलनाज ऑटोतून उतरत होती. एक हात कमरेवर, एक पिशवीला. "अब्बा!" म्हणून तिनं तोंडभर हाक मारली, आणि अब्बा दुकानाच्या मागच्या दारानं भगवानरावाच्या सोयाबीनमध्ये गडप.

लोक हसले. हसणारच! जन्मात ज्यानं लेकीला कधी मोठ्यानं दटावलं नाही, तो तिला पाहून अशी धूम ठोकतो म्हटल्यावर लोकांनी करावं तरी काय? पण तिकडे फकीर मोहम्मद सोयाबीनमध्ये उकिडवा बसला होता. आपण तिच्यापासून किती हातांवर होतो, ऑटो थांबल्यापासून पळेपर्यंत किती वेळ गेला, हेच तो मनाशी मोजत होता, आणि दर वेळी उत्तर वेगळं येत होतं.

भीती त्याला लेकीची नव्हती. स्वतःची होती.

झालं होतं असं, की उन्हाळ्यात त्याच्या आतड्यात गाठ निघाली आणि तिची पिल्लं लिव्हरवर बसली. औरंगाबादच्या एका मोठ्या दवाखान्यात त्याला नेलं, तेव्हा डॉक्टरला त्यानं एकच गोष्ट मागितली. "नातवाचं तोंड पाहेपर्यंत टिकवा मले, बस." गुलनाजची आधीची दोन पोटातच गेली होती. हे तिसरं धरलं होतं, टिकलं होतं, आणि त्याच्यासाठी फकीर मोहम्मदला जगायचं होतं. गाद्या पुष्कळ भरून झाल्या होत्या, दुसरं काही राहिलं नव्हतं.

मग त्याच्या शिरेतून ते औषध सोडलं. औषध आलं शिशाच्या डबीत. देणारी माणसं जाड आडोशाच्या मागं उभी. माणसाच्या अंगात घालायची चीज शिशात कोंडून आणतात हे पाहूनच त्याच्या तोंडचं पाणी पळालं. किरणांचं काम पाहणाऱ्या एक मॅडम होत्या, त्यांनी जवळ बसून समजावलं. ल्युटेशियम नावाचा एक दुर्मिळ धातू आहे. मातीत सापडतो तो गरीब, जवळपास गप्पच असतो. पण त्याचाच एक सख्खा भाऊ, वजनाला थोडा वेगळा, त्याला समस्थानिक म्हणतात, तो भट्टीत तयार करतात. तो गप्प बसत नाही. किरण फेकत राहतो, गाठीला जाळत राहतो, आणि फेकता फेकता स्वतःच बदलून दुसराच धातू होतो.

"साडेसहा दिवसांत निम्मा उरतो," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या साडेसहात त्याच्या निम्मा. मग त्याच्याही निम्मा."

"अन् सरते कधी?"

"हिशेबानं म्हणाल तर पुरता सरत नाही. पण महिना-दीड महिन्यात इतका कमी होतो, की नसल्यातच जमा."

मॅडम चांगल्या होत्या हो, पण इथं त्यांचं चुकलंच. गादीवाल्याला असं सांगू नये. तागा निम्मा फाडा, निम्मा उरतो. तो निम्मा फाडा, त्याचा निम्मा उरतो. शेवटी चिंधी उरतेच, आणि फकीर मोहम्मदनं आयुष्यात चिंधी कधी फेकली नव्हती. पुरता सरत नाही, एवढं एकच वाक्य तो घरी घेऊन आला.

वेगळं झोपायचं, संडासात दोनदा पाणी ओतायचं, कपडे वेगळे धुवायचे, आणि पोटुशी बाई अन् तान्ही लेकरं तीन आठवडे जवळ नकोत, असं मॅडमनं बजावलं होतं. तीन आठवड्यांचे चाळीस दिवस फकीर मोहम्मदनं आपल्या जिम्मेवर केले.

आता हे सगळं लेकीला सांगायला काय झालं होतं? तर फातिमानं, बायकोनं, सांगू दिलं नाही. "जबान बंद ठेवा," ती म्हणाली. "लग्नाच्या गाद्या भरतो आपण. किरणंवाल्याच्या हातच्या गादीवर नवरा-नवरी झोपतीन का? तिकडे बीबी गावात कळलं तं गुलनाजची सास पाय ठेवू देणार नाई तिले इकडे." म्हणून गावात सांगितलं, पोटाचं इंजेक्शन घेतलं. लेकीला फोनवर सांगितलं, माय, महिनाभरानं ये. सातव्यात लेकीला येऊ नको म्हणणारी आई बीबीच्या लोकांनी पाहिली नव्हती. सासू बोलायची ते बोलली. गुलनाज दोन दिवस रडली, आणि मतीनला, नवऱ्याला, बसस्टँडवर सोडायला लावून एकटीच निघून आली.

घर गल्लीच्या या बाजूला, दुकान त्या बाजूला. फकीर मोहम्मद दुकानातच राहायला गेला. फातिमा ताट नेऊन फळीवर ठेवायची, ती वळली की तो उचलायचा. अब्बांना लागट ताप आहे, असं लेकीला सांगितलं. तिला ते पटलं नाही. ताप असलेला माणूस दिवसभर पिंजणाची मशीन कशाला चालवेल? आणि लेकीनं ओट्यावर येऊन नुसतं "जेवले का अब्बा?" विचारलं, तर कापसाच्या ढिगाआड कशाला तोंड लपवेल? तिनं मनाशी धरलं, की आधीची दोन गेली म्हणून अब्बा आपल्याला पांढऱ्या पायाची समजायला लागले. असं काहीबाही मनात घेऊन बसली बिचारी.

फकीर मोहम्मदला ते दिसत होतं. कापसाआडून सगळं दिसतं. लेकीचे सुजलेले पाय दिसायचे, ती कमरेला हात लावून कशी उठते ते दिसायचं. स्वतःच्या अंगाला मात्र काहीच जाणवत नव्हतं. ना आग, ना खाज. दुखलं असतं तर निदान कमी झालेलं कळलं असतं. हात पुढं धरून तो पाहत बसायचा. तेच हात, तेच सुईचे घट्टे, आणि त्यातून काय निघून कुठवर जातंय, काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

एके दिवशी गिऱ्हाईक म्हणून पंजाबराव आले होते. त्यांच्या लेकीच्या लग्नाच्या दोन गाद्या, चार उशा भरायच्या होत्या. फकीर मोहम्मद लांब बसूनच त्यांना कापूस दाखवत होता. समोर घराच्या ओट्यावर गुलनाज शिवत बसली होती, शेजारची वंदना तिच्याशी बोलत होती. गुलनाजनं दोरा दातांनी तोडला, शिवलेलं दुपटं झटकलं आणि माप पाहावं तसं पोटावर पसरलं.

निळ्या चौकड्या. कोपऱ्यात मशीनच्या तेलाचा काळा डाग.

फकीर मोहम्मदच्या हातातला कापूस खाली पडला. ती त्याची लुंगी होती. दवाखान्यात तीच अंगावर होती, औषध सोडल्यावर ते पहिले दोन दिवस, घाम आणि लघवीचे थेंब आणि सगळं तिच्यातच. ती फातिमाजवळ दिली होती, वेगळी धुवायला.

फातिमानं ती धुतलीच नव्हती. धुतलेलं पाणी नालीत जाईल, नालीचं पाणी वंदनाच्या बकऱ्या पितात, म्हणून तिनं ती पिशवीत बांधून न्हाणीमागच्या खोपीत टोपल्याखाली दडवली होती. आणि पहिल्या लेकराचं दुपटं नव्या कापडाचं करायचं नाही, घरच्या जुन्या माणसाच्या अंगावरचं मऊ झालेलं कापड घ्यायचं, हे तर या गल्लीत हिंदू-मुसलमान सगळ्यांच्या घरी आहे. त्यानं लेकराला बुजुर्गाचं आयुष्य लागतं म्हणतात. गुलनाजनं खोपीत शोधलं, तिला लुंगी सापडली, बापाच्या वासाची. तिनं आईला विचारलं नाही, चार दिवस दाराआड शिवली आणि आज ओट्यावर घेऊन बसली. बाप जवळ येत नाही तर त्याचं कापड तरी असू दे, असं तिला वाटलं.

"फेक ते!" फकीर मोहम्मद ओरडला. "गुलनाज! फेक, फेक ते आधी!"

गुलनाज दचकली. इतक्या दिवसांनी बाप बोलला, आणि तोही असा खेकसून! तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि तिनं दुपटं दोन्ही हातांनी उराशी, पोटाशी घट्ट धरलं.

"नाई फेकत जा! तुमी तं जवळ येऊ देत नाई. एवढं कापड घेतलं तं तेबी पाह्यवत नाई का तुमाले?"

तो पायऱ्या उतरून धावला. गल्लीच्या मधोमध आला आणि खिळला. हिसकून घ्यायचं तर तिच्या अंगाशी जावं लागणार. कापडात जे थेंबभर, ते त्याच्या अंगात पेलाभर. पुढं गेला तरी लेकराला धोका, नाही गेला तरी. त्याच्या मागं पंजाबराव, समोर वंदना, आणि आवाज ऐकून दारादारांत माणसं यायला लागलेली. फातिमा दारात येऊन डोळ्यांनी त्याला खुणावत होती, बोलू नका, बोलू नका. तिला बिचारीला अजून कापड दिसलंच नव्हतं.

"माह्या अंगात किरणं हायत!" फकीर मोहम्मदनं गल्लीला ऐकू जाईल असं सांगून टाकलं. "दवाखान्यात सोडले मले. ते लुंगी माह्या अंगावर होती तवा. लेकराले वाईट असते ते, माय. फेक!"

दुपटं खाली पडलं. गुलनाज उभी राहिली, दोन्ही हात पोटावर. मग ती किंचाळली. "अम्मी! चार दिवसांपासून मांडीवर घेऊन शिवून राह्यली मी हे! तुमी मले सांगितलं काऊन नाई? हेबी गेलं तं मी काय करू, अम्मी?"

पंजाबराव रुमालाला हात पुसत निघून गेले. वंदनानं आधी बकऱ्या आत ओढल्या, आणि मग, तिचं भलं होवो, परत येऊन गुलनाजला धरून आपल्या ओट्यावर नेऊन बसवलं.

फकीर मोहम्मद मागं सरत दुकानाशी गेला. फातिमानं मॅडमला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा घाईत भलताच नंबर लागला. "या अल्लाह, माह्यी अक्कल कुठी गेली होती," एवढंच ती पुटपुटत होती. मग लागला. फोन मोठ्या आवाजावर करून ती गल्लीच्या मधोमध उभी राहिली, कारण एका टोकाला नवरा होता आणि दुसऱ्या टोकाला लेक.

मॅडमनं सगळं ऐकून घेतलं. लुंगी किती दिवस घातली, कधीची आहे, मुलीनं ती किती दिवस हाताळली.

"अहो, दोनदा धुतली असती तरी झालं असतं!" त्या फातिमाला रागावल्या. मग त्यांचा आवाज निवळला. "ऐका. औषध देऊन तीन आठवडे झाले. तीनदा निम्मं झालं, म्हणजे रुपयातले दोन आणे उरले. तेही फकीरभाईंच्या अंगात. लुंगीत मुळात होतं ते थेंबभर, त्यातले दोन आणे. एका एक्स-रेइतकंसुद्धा नाही ते. बाळाला धोका नाही. उद्या मुलीला आणि ते कापड घेऊन या, मी मोजून दाखवते. बाळ हलतंय ना तिचं?"

सगळी गल्ली गुलनाजकडे पाहू लागली. ती डोळे मिटून बसली होती, पंजे पोटावर पसरलेले. वंदनाचा हात तिच्या खांद्यावर तसाच राहिला. फकीर मोहम्मदनं दुकानाची फळी धरली. त्याला वाटलं, हे असंच राहणार, आता ही कधी बोलणारच नाही.

"हललं," गुलनाज म्हणाली. "हलून राह्यलं, अम्मी."

फातिमा तिथंच धुळीत बसली. मॅडम मात्र बोलतच होत्या. "आणि फकीरभाई, दुसरं इंजेक्शन विसरू नका. एकानं गाठ आटोक्यात येत नाही. पाच-सहा आठवड्यांनी घ्यायचंय."

पाच-सहा आठवडे! म्हणजे ऐन बाळंतपणाच्या तोंडावर. पुन्हा ती शिशाची डबी, पुन्हा पहिल्यापासून निम्मं-निम्मं, आणि इकडे घरात तान्हं.

"नाई घ्यायचं मले," फकीर मोहम्मद म्हणाला. "बस झालं. आज वाचलं लेकरू. मी नाई पुन्हा हे अंगात घेत."

"मग गाठ वाढेल," मॅडम म्हणाल्या. "खोटं सांगत नाही तुम्हाला."

"वाढू द्या."

"अब्बा!" गुलनाज उठून वंदनाच्या ओट्याच्या काठावर आली. "घ्या तुमी इंजेक्शन."

"पोरी, तुले भेव नाई वाटत?"

"वाटते ना! लय वाटते. हे पाहा, हात थांबून नाई राह्यला माह्या. मी लेकराले तुमच्या जवळ आणणार नाई. चाळीस म्हणसान तं पन्नास दिवस नाई आणणार. इथंच उभी राहीन, अन् इथूनच दाखवीन तुमाले." तिनं दुकानाकडे बोट केलं. "पण समोर त्या दुकानात तुमीच नसले, तं मी दाखवू कोनाले?"

फकीर मोहम्मदनं लुंगीच्या सोग्यानं तोंड पुसलं, फळीला धरून सरळ उभा राहिला, आणि गल्लीच्या मधोमध बसलेल्या बायकोच्या हातातल्या फोनला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडून विचारलं, "मॅडम, तारीख कोणती म्हणल्या?"