बेबी अंबाडा

"पण ताई, ह्याला बेबी अंबाडा का म्हणतात? एवढा मोठा तर आहे."

खुर्चीतल्या नवरीने आरशातून विचारलं तेव्हा माझे दोन्ही हात तिच्या केसांत गुंतलेले होते. केसांना तीन पीळ द्यायचे, वेढा घालायचा आणि टोक आतून ओढून वेढ्यातच अडकवायचं. पिन नाही, रबर नाही, जाळी नाही. नवरी दिवसभर नाचली तरी सुटत नाही. जळगावातल्या माझ्या पार्लरच्या फलकावर सोळा वर्षं हे नाव आहे, आणि सोळा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. खरं सांगायचं तर मलाही तो कधी पडला नव्हता.

"फॅशन आहे तशी," मी ठोकून दिलं. नवरीचं समाधान झालं, माझं काही होईना. मला चौकशीची खोड आहे. शेजारणीकडे कुरिअर आलं तरी आत काय आहे ते कळेपर्यंत मला घास गोड लागत नाही, आणि इथे तर माझ्याच फलकावरचं नाव.

हा अंबाडा मला आईने शिकवला. ताईबाई तिचं नाव. धरणगावच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, यंत्रात कपाशी टाकायचं काम तिने बावीस वर्षं केलं. गल्लीतल्या प्रत्येक नवरीचे केस तीच बांधायची, आणि बांधून झाले की अंबाड्यावर तळहात ठेवून घटकाभर उभी राहायची. घट्ट बसला का ते बघायची रीत असेल, असं समजून मीही तसाच हात ठेवते. "बेबा घाल," असं ती म्हणायची. मी ते "बेबी" ऐकलं, पेंटरला तेच सांगितलं, आणि त्या पठ्ठ्याने नावाशेजारी एक गुटगुटीत बाळही रंगवून दिलं. आईला वाचता येत नव्हतं. बाळाकडे बघून ती नुसती हसली होती. दोन वर्षांपूर्वी ती गेली. आता विचारणार कुणाला?

सोमवारी पार्लर बंद असतं. मी धरणगावची बस पकडली.

अभिमन नाना जिनिंगचे जुने मुकादम. स्टँडमागच्या त्यांच्या घरी ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. आईचं नाव सांगितल्यावर त्यांनी मूठभर शेंगा माझ्या ओंजळीत टाकल्या, आणि अंबाड्याचं विचारल्यावर हसायलाच लागले.

"बेबा म्हंजे बेबाबाई. आमनाच जिनिंगमा व्हती. तिना आकडामुळे आग लागनी व्हती ना."

आकडा म्हणजे केसांत खोचायची लोखंडी पिन. कपाशीबरोबर असा तुकडा यंत्रात गेला की ठिणगी उडते, आणि रुईला एक ठिणगी पुरते. पस्तीस वर्षांपूर्वी ऐन हंगामात आग लागली. माणसं वाचली, पण रुईचा अख्खा ढीग आणि एका शेडचं छप्पर गेलं. राखेत एक काळा पडलेला आकडा मिळाला.

"कुठे मिळाला?" मी विचारलं.

"तिनाच जागवर. मंग तिले काढी टाकं. जिनिंग दोन महिना बंद, चाळीस बाया घर बसन्यात. दुसरा हंगामपासून मी दारमा उभा ऱ्हाऊ, आन येकयेक बाईले सांगू, आकडा काढ, बेबा कर, मंग आत जाय." नानांनी हवेतच तीन पीळ दिले. "म्हंजे बेबानी याद ठेव आन बिनआकडाना बांध. तठेन पडनं ते नाव."

शेंगदाणा माझ्या दाढेखाली तसाच राहिला. ज्या नावाने मी आजवर इतक्या नवऱ्या नटवल्या, ते नाव एका बाईवरचा ठपका होतं.

"पण आकडा त्यांचाच, हे कसं ठरलं? त्यांचं डोकं बघितलं होतं का कुणी?"

"बाईमानूसना डोकावरना पदर मी काढतू का?" नाना चिडले नाहीत, पण शेंगांचं सूप त्यांनी जवळ ओढून घेतलं. "मी इचारं तिले. ती काहीच बोलनी नही. बोलनी नही म्हंजे तिनाच."

बेबाबाई अजून गावातच होत्या. घर नानांनीच सांगितलं. मी गेले तेव्हा अंगणात खाटेवर वाळत घातलेले बिबडे, आमच्याकडचे ज्वारीचे पापड, त्या उलटत होत्या. पासष्टीच्या आसपासची सडसडीत बाई, पदर कपाळापर्यंत ओढून दोन्ही कानांमागे घट्ट खोचलेला.

"मावशी, मी ताईबाईची दिपमाला."

हातातला बिबडा तसाच धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुन्ही माय गयी, ते माले कळनं व्हतं. ये माय, बस."

चहा झाला. मला आडवळणाने विचारता येत नाही. नवरी, फलक, नाना, सगळं सांगून टाकलं आणि शेवटी म्हटलं, "मावशी, आकडा तुमचा होता का?"

बोलून गेले आणि माझी मलाच लाज वाटली. पस्तीस वर्षांनी दारात येऊन हे विचारणारी मी कोण? पण त्या रागावल्या नाहीत. बशी खाली ठेवली आणि सरळ होऊन बसल्या.

"आकडा लावाले केस लागतस, माय. मना डोकावर तवय येक केस नव्हता."

आगीच्या दोन महिने आधी त्यांना टायफॉईड झाला होता. ताप उतरला आणि केस मूठमूठभर हातात यायला लागले. पंधरा दिवसांत डोकं साफ झालं. घरात ते फक्त त्यांच्या नवऱ्याला, रुपचंदना ठाऊक होतं. कामावर एकट्या आईला, कारण दोघींची यंत्रं शेजारी होती आणि एकदा पट्ट्याच्या वाऱ्याने पदर सरकला होता.

"मग नानांना दाखवायचं ना. नुसता पदर मागे घेतला असता तरी सुटल्या असतात तुम्ही."

"इतला मानसंसमोर?" त्या शांतपणे म्हणाल्या. "नवरा जित्ता व्हता मना. नवरा जित्ता आन बोडकं डोकं दखाडू? आग लावी म्हनतस तर म्हनोत. बोडकी कोनी म्हनाले नको व्हतं."

त्यानंतर कित्येक वर्षं नळावर त्यांच्याशी कुणी बोलत नसे. पोरंटोरं मागून "आकडावाली" म्हणून ओरडायची. गावात काम मिळेना, म्हणून त्या चोपड्याकडच्या शेतांत कपाशी वेचायला जायच्या. केस पुढे उगवले, पण विरळ, मानेच्या खाली कधी उतरलेच नाहीत.

"आणि आई? तिला तर माहीत होतं. ती का नाही बोलली?" मला आईचा रागच आला होता.

"ती नानाकडे निंघी गयती सांगाले. मीच वाटमा धरं तिले आन शपथ घाली." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुन्ही आन घाली, दिपमालानी. तू कडेवर व्हती. मंग ती काय बोली?"

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. शपथ माझी होती आणि मला पत्ताही नव्हता. आईने जन्मभर तोंड मिटून घेतलं, पण हाताला तर शपथ नव्हती. जे नाव जिनिंगच्या दारात शिवीसारखं वापरलं गेलं, ते तिने गल्लीतल्या एकेका नवरीच्या डोक्यावर बांधलं आणि वर तळहात ठेवला. मी आपली घट्ट बसला का ते बघत होते.

"मी फलक बदलते," डोळे पुसत मी म्हटलं. "बेबाबाई अंबाडा असं पूर्ण नाव लिहिते. आणि नानांनाही आत्ताच जाऊन सांगते."

"आते काय लिखेल शे?"

"बेबी. बाजूला बाळाचं चित्र आहे."

त्यांना हसू आवरेना. हसता हसता ठसका लागला, मी पाणी दिलं.

"मंग तेच ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "बेबाना नाववर आग शे. बेबीना हातथून कोठे आग लागस? आन नानाले तू नको सांगू. सांगानं व्हयनं ते मी सांगसू."

मी निघायला उठले. चारची बस होती. त्या मात्र उठल्या नाहीत. माझ्याकडे पाठ करून बसल्या, कानांमागचा पदर सोडवला आणि खांद्यावर घेतला. रुपचंद जाऊन आठ वर्षं झाली होती, आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"मना नावना शे, आन माले कधी कोनी बांधा नही," त्या म्हणाल्या. "घाल."

पांढरे, मऊ, चिमूटभर केस. मी तीन पीळ दिले, वेढा घातला, टोक आत ओढलं. सुटला. पुन्हा बांधला, पुन्हा सुटला. माझ्या पर्समध्ये पिनांची डबी कायम असते, धंदाच तो आहे. मी चेन उघडली मात्र, त्या मागे न बघता म्हणाल्या, "आकडा नको लावू माय."

मी चेन लावली. तिसऱ्यांदा पीळ दिले, टोक खोचलं आणि वर तळहात ठेवला.

"बसना का?"

"बसला," मी म्हटलं, आणि हात काढला नाही.