एकतिसावी टिक

टिक.

दचकू नका, मीच बोलतेय. अमेरिकेत, पार्सिपनीतल्या या घराच्या गॅरेजमध्ये, दाराजवळ किल्ल्यांच्या शेजारी जो खिळा आहे ना, त्याच्यावर मी लटकलेय. मुठीत मावेन एवढी, चकचकीत, पोटावर आकड्यांच्या चार खिडक्या. अंगठ्याने दाबा, की एक आकडा पुढे. शून्यापासून नऊ हजार नऊशे नव्याण्णवपर्यंत काहीही आणा, मी मोजते. माझं नाव टिचकी.

हे नाव मला कारखान्यात मिळालं नाही. तिथे मला नुसता नंबर होता. एका खोक्यात अकरा बहिणींबरोबर मी रस्ते खात्याच्या कचेरीत आले आणि चंद्रशेखर नावाच्या तरुण इंजिनियरच्या तळहातात पडले. तो रूट फॉर्टी-सिक्सच्या कडेला घडीची खुर्ची टाकून बसायचा आणि दिवसभर गाड्या मोजायचा. काय दिवस होते ते! धूळ, हॉर्न आणि टिक टिक टिक. दुपारपर्यंत माझी तिसरी खिडकी गरगरायला लागायची.

मग रस्त्यावर रबरी नळ्या आल्या. गाडी वरून गेली की नळ्या आपल्याआपण मोजायच्या. आम्हा बहिणींना कचऱ्यात काढलं, पण चंद्रशेखरने मला कोटाच्या खिशात टाकून घरी आणलं. घरी त्याची बायको वसुधा होती आणि चार वर्षांची मृणालिनी. तिने मला शंभर वेळा दाबून पाहिलं आणि बारसं करून टाकलं.

तेव्हापासून या घरात माझ्याशिवाय पान हललं नाही. गणपतीला शाळेच्या हॉलमध्ये किती माणसं जेवली, मृणालने पियानोचा धडा किती वेळा वाजवला, एकदा तर एका पाहुण्याने मोदक किती खाल्ले तेही. आणि गाडीत बसताना नेहमी दोन टिका. एक वसुधा, एक मृणाल. दोन झाले की गाडी सुरू.

दोन. तीन नव्हे. ही गोष्ट लक्षात ठेवा. माझ्या तेव्हाच लक्षात आली होती, पण मला विचारतो कोण?

साल पंच्याऐंशी. चंद्रशेखर आता मराठी मंडळातल्या सगळ्यांचा चंदूकाका झाला होता, आणि त्याने आयर्लंडची सहल काढली. सात दिवस, एक बस, आणि पार्सिपनीच्या आसपासची एकतीस मराठी माणसं. डब्लिनला उतरल्या उतरल्या त्याने तिथल्या गाइडबाईंना, म्हणजे ब्रीडाला, नम्रपणे सांगून टाकलं की इतिहास तुमचा, मोजणी माझी. तिने खांदे उडवले आणि हसली. पुढे दोन दिवस ती इतिहास सांगत होती आणि मागे बसमध्ये तिखटमिठाच्या पुऱ्या फिरत होत्या. लोकांनी तिला ब्रीडाताई करून टाकलं आणि तिच्या हातावरही एक पुरी ठेवली.

मला तर स्वर्ग मिळाला होता. मी आयुष्यात पहिल्यांदा परदेशी होते, आणि दर दोन तासांनी कामावर. बाहेर हिरवा रंग इतका, की डोळे असते तर दिपले असते. दगडी कुंपणं, त्यांच्या आत मेंढ्या, मेंढ्यांच्या पाठीवर निळे ठिपके. मोजून झाल्याची खूण असणार, असं मी मनात धरलं आणि त्यांच्याबद्दल मला फार आपुलकी वाटायला लागली.

पण माणसं! मेंढ्या बऱ्या. पन्नाशी उलटलेल्या मराठी माणसाला वेळेवर बसमध्ये बसवणं म्हणजे पाऱ्याची मोळी बांधणं. मालिनीमावशींना प्रत्येक दुकानात स्वेटर दाखवायला सांगायचा असायचा, घ्यायचा नसायचा. नरेंद्रकाका भूल देणारे डॉक्टर, पण बसलेल्या जागी पहिली भूल स्वतःलाच द्यायचे. पुढच्या सीटवर रुमाल टाकून जागा धरायला लोक हॉटेलात नाश्ता अर्धा सोडून धावायचे. वसुधाला मागे बसलं की मळमळायचं, पण लीडरच्या बायकोने पुढची जागा घेतली असं कुणी म्हणायला नको, म्हणून ती बिचारी लिंबू हुंगत सातव्या ओळीत.

दुसऱ्या दिवशी ग्लेंडलॉखला ठिणगी पडली. दोन तळ्यांच्या खोऱ्यातला जुना मठ, आभाळात घुसलेला गोल मनोरा, आणि तिथे मिळाली वीस मिनिटं. त्याच्याआधी स्वेटरच्या दुकानात गेला होता सव्वा तास. मृणाल उठली आणि सगळ्यांदेखत म्हणाली की हे असं असेल तर पुढच्या वेळी थेट दुकानाचंच तिकीट काढा.

चंदूकाका म्हणाला, "तीस माणसं सांभाळून दाखव, मग बोल. तुला स्वतःच्या गाडीची किल्ली सापडत नाही."

यातली मेख बसमध्ये सगळ्यांना ठाऊक होती. बावीस वर्षांच्या मृणालच्या पर्समध्ये एक पत्र होतं. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यूच्या एका कंपनीने तिला प्रोग्रॅमरची नोकरी देऊ केली होती, आणि घरी परतल्यावर सोमवारी होय की नाही ते कळवायचं होतं. बापाचं म्हणणं, घरापासून बारा मिनिटांवर नोकऱ्या पडल्यात, तीन हजार मैल कशाला? जी पोरगी किल्ल्या हरवते ती एकटी राहणार कशी?

"फाइन," मृणाल म्हणाली. "उद्या टिचकी माझ्याकडे द्या. एक दिवस. सगळे वेळेवर, कुणी हरवणार नाही. जमलं तर मी बेलव्ह्यूला जाणार."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तुमची बारा मिनिटं."

बसमध्ये एवढी शांतता झाली की नरेंद्रकाका जागे झाले.

चंदूकाकाने अट मान्य केली. वर सूचना दिली, अगदी रस्ते खात्याच्या थाटात: तीस झाले की बस हलवायची, मग एक मिनिटही थांबायचं नाही. आणि स्वतः उद्या शेवटच्या ओळीत तोंड मिटून बसेन, असंही कबूल केलं.

सकाळी किल्केनीच्या हॉटेलपुढे मी मृणालच्या हातात आले. काय अंगठा होता! बापाचा अंगठा खाली यायचा तो शिक्का मारल्यासारखा. हिचा म्हणजे तबल्यावरची थाप. तिने आधी आईला हाताला धरून पहिल्या ओळीत बसवलं, तिथल्या रुमालाची घडी करून मालकाला परत दिली, आणि मग मोजायला लागली. पहिली टिक तिने स्वतःच्या छातीकडे बोट करून दाबली.

माझ्या पोटातली चाकं थरारली. अठरा वर्षांत असं कुणी केलं नव्हतं!

मग ती ओळीओळीने मागे गेली. शेवटच्या ओळीच्या अलीकडेच माझ्या खिडकीत तीस उमटलं. मागे फक्त बाबा, गाल फुगवून, टोपी सीटच्या पाठीला अडकवून. तीस झाले म्हणजे झाले. तिने अंगठा उचलला आणि ड्रायव्हरला हात केला.

मला ओरडायचं होतं, अगं, अजून एक. पण मला टिकेपलीकडे बोलता येत नाही, आणि तीही कुणी दाबल्याशिवाय नाही.

कॅशेलला हिरव्या सपाटीतून एकदम वर उठलेला खडक, आणि खडकावर राजांचे नि बिशपांचे पडके महाल. वारा असा, की मालिनीमावशींचा पदर आणि ब्रीडाताईचे केस एकमेकांत अडकले. मृणालने त्या दिवशी लोकांना काय नाचवलं! इथे क्रम उलटा आहे, आधी महाल पाहिला तरच दुकान उघडतं, असं एकाला सांगितलं. फाटक अकरा-चाळीसला बंद होतं, अशी थाप दुसऱ्याला. नरेंद्रकाका एका थडग्यावर टेकून पेंगत होते, त्यांना तिने उठवलं नाही, नुसतं कानाशी जाऊन "चहा" म्हटलं. ब्रीडाताईला खडकावरच्या कॉर्मक राजाच्या देवळात सलग चोवीस मिनिटं बोलायला मिळालं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्याने असेल.

अकरा-चाळीसला सगळे बसमध्ये. टिक, स्वतः. टिक, आई. टिक टिक टिक. तीस. शेवटच्या ओळीत सीटच्या पाठीला टोपी. मृणालने हात केला. बस वेळेवर सुटली, सहलीत पहिल्यांदाच, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. लीडरने दुपारच्या आधी गाण्याला बंदी घातली होती, ती कुणीतरी हळूच मोडली, आणि केअरचा किल्ला येईपर्यंत भेंड्यांना असा रंग चढला की ड्रायव्हर स्टिअरिंगवर ताल धरायला लागला. मागून एकदाही "हळू" असं आलं नाही. मालिनीमावशी म्हणाल्या, रुसलाय वाटतं. वसुधा म्हणाली, रुसू दे, तेवढाच आराम.

केअरला नदीकाठी किल्ला, पाण्यात बदकं आणि काठावर बाकं. वसुधाने पहाटे हॉटेलात बांधलेल्या पुऱ्यांच्या पुड्या वाटल्या. सगळ्यांना पोचल्या. हातात एक उरली.

तिने पुडीकडे पाहिलं, मग बसकडे. "मृणाल, तुझे बाबा कुठायत?"

मृणाल बसमध्ये धावली. शेवटच्या ओळीत टोपी होती. टोपीखाली कुणी नव्हतं.

ती बाहेर आली आणि काठावरच्या माणसांना मोजायला लागली. पहिली स्वतः. तीस. पुन्हा मोजलं. तीस. मालिनीमावशी म्हणाल्या, "अगं मग सगळे आहेत की." दुसऱ्यांदा मोजताना मृणालच्या हाताला घाम आला आणि मी निसटून थेट मावशींच्या चिवड्याच्या पिशवीत पडले. शेंगदाणा, डाळं आणि अंधार. बाहेरचं ऐकू मात्र येत होतं.

"स्वतःला धरलंस का?" वसुधाने विचारलं.

"ऑफ कोर्स. पहिली मीच."

"ते धरत नाहीत. कधीच नाही." वसुधा शांतपणे म्हणाली. "म्हणून मी पुड्या एकतीस बांधते."

मृणालने मला बाहेर काढलं. अकरा मैलांवर तिचा बाप एकटा, टोपीशिवाय, आणि तीन हजार मैलांवरची नोकरी हातची गेलेली. पण खरं सांगते, ती नोकरीचं एक अक्षर बोलली नाही. ब्रीडाताईला म्हणाली, बस वळवा.

बस वळायच्या आतच पुलावरून पाववाल्याची व्हॅन आली. तिच्यातून चंदूकाका उतरला. पांढरे बूट शेणाने माखलेले, केस उभे, आणि चेहऱ्यावर असं हसू, की मी ते रूट फॉर्टी-सिक्सपासून पाहिलं नव्हतं. कॅशेलला खडकाच्या मागच्या गल्लीत चाळीस गाई, दोन मोटारी आणि एक ट्रॅक्टर असा तिढा पडला होता. रस्त्यांचा इंजिनियर तिकडे बघून नुसता उभा कसा राहील? त्याने भर चौकात उभं राहून हात दाखवत सगळी वाहतूक मोकळी केली. शेतकऱ्याने त्याला "चीफ" म्हटलं आणि पाववाल्याच्या शेजारी बसवून दिलं. घड्याळाकडे बघायचं त्याला सुचलंच नव्हतं.

मृणाल समोर गेली. "मी हरले, बाबा. मी तुम्हाला सोडून आले."

त्याने हात पुढे केला, मला घेतलं, शून्यावर आणलं आणि सगळ्यांना मोजलं. तीस. मग त्याने वसुधाच्या हातातली उरलेली पुडी घेतली, उलटसुलट करून पाहिली. शेवटी मला कोटाच्या बटणाशी धरून त्याने अंगठा दाबला.

एकतीस.

"सूचनाच चुकीची होती," तो म्हणाला. "आणि सूचना माझी."

"पण बस मी सोडली."

"सुटली ना वेळेवर?" त्याने पुडी उघडली आणि पुरीचा तुकडा मोडला. "तिथे गेल्यावरसुद्धा पहिली टिक स्वतःचीच दाबशील?"

"रोज."

"मग जा. रविवारी फोन कर."

नरेंद्रकाका म्हणाले, आता तरी सगळे आहेत का, म्हणजे मी झोपायला मोकळा. मालिनीमावशींनी डोळे पुसले आणि वसुधाला म्हणाल्या, तू मात्र पहिली ओळ सोडू नकोस हो.

वसुधाने सोडली नाही. सातव्या दिवसापर्यंत, थेट विमानतळापर्यंत.

ऑगस्टमध्ये नेवार्कच्या विमानतळावर मृणालला सोडून दोघं परत गाडीत बसली, तेव्हा चंदूकाकाने सवयीने मला खिशातून काढलं. एक टिक वसुधासाठी. मग अंगठा थांबला. मागची सीट रिकामी होती. मी वाट पाहिली. त्याने स्वतःच्या छातीकडे पाहिलं आणि दाबलं. दोन. आकडा जुनाच, पण त्यातला एक माणूस पहिल्यांदाच मोजला गेला होता. गाडी सुरू झाली.

याला आता चार वर्षं झाली. मी खिळ्यावर असते, गाडी निघताना दोन टिका करते, बाकी दिवस निवांत. अंगावरची चमक थोडी गेलीय. पोटात मालिनीमावशींच्या चिवड्यातली एक शेव अजून अडकलेली आहे, त्यामुळे तीनवरून चारवर जाताना माझं चाक अडखळतं. आजवर त्याने काही बिघडलं नाही. सहलीनंतर दोनच्या पुढे जायची वेळच आली नाही.

पण काल रविवार होता. फोन आला. या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, मृणाल येतेय, आणि येताना कुणाला तरी घेऊन येतेय. कोण, काय, आडनाव काय, ते बाबांनी तीनदा विचारलं आणि तिने तीनदा सांगितलं, आल्यावर बघा. म्हाताऱ्यांना धीर कसा तो नाही. वसुधाने फोन काढून घेतला आणि विचारलं, तो तिखट खातो का.

तेव्हा कृपा करून कुणीतरी ऐका. वरच्या फळीवर शिवणयंत्राच्या तेलाची बाटली आहे. एक थेंब, एकच, माझ्या उजव्या चाकावर सोडा. गुरुवारी विमानतळावरून परत येताना या गाडीत माणसं चार असतील, आणि मला ती न अडखळता मोजायची आहेत.