आकाराम मेस्त्रीची खूण

मित्रांनो, मी एक जुनं बिडाचं झाकण आहे. राजारामपुरीतल्या एका गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजचं चेंबर आहे, त्यावर मी एकोणीस वर्षं पडून आहे. मधले तीन महिने तेवढे सोडायचे. त्या तीन महिन्यांचीच ही हकीकत. झाकणं थंड डोक्याची असतात असं तुम्हाला वाटत असेल, पण मी तसा नाही. माझ्या पोटात एका माणसाबद्दल राग आहे आणि तो अजून गेलेला नाही. क्षमेचे धडे हवे असतील तर ते शाळेच्या भिंतीवर लिहिलेले असतात, तिथं वाचा.

माझा जन्म शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत झाला. आमच्यात आधी लाकडाचा पॅटर्न करतात. तो वाळूत दाबून साचा उठवतात आणि साच्यात बिडाचा रस ओततात. माझा पॅटर्न आकाराम सुतार यानं केला. त्याला सगळे मेस्त्री म्हणत. त्या फौंड्रीत एक रिवाज होता. ज्यानं पॅटर्न केला त्यानं आपली खूण त्यावर कोरायची, म्हणजे माल खराब निघाला तर चूक कुणाची ते लगेच कळतं. आकारामच्या वडिलांचा एक लाकडी त्रिकोणी गुण्या होता, कोन तपासायचा. खिळ्याला अडकवायला त्याच्या मधोमध भोक पाडलेलं होतं. तीच आकारामची खूण झाली: एक त्रिकोण आणि मधे एक गोल. माझ्या तोंडावर ती बरोबर मधोमध उठली आहे.

मला गल्लीत बसवलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्याशेजारी तानाबाई भाजी घेऊन बसू लागली. ती आकारामची थोरली बहीण. तो तिला आक्का म्हणे. कोपऱ्यावर चांगली सावलीची जागा होती, पण ती सोडून ती माझ्याजवळ बसली, कारण माझ्यावर भावाची खूण होती. रोज सकाळी ती मला ओल्या फडक्यानं पुसायची आणि मगच मेथीच्या जुड्या मांडायची. कुणी चिखलाच्या चपलांनी माझ्यावर उभं राहिलं, की ती म्हणायची, "पावणं, माझ्या भावाचं झाकान हाय ते. पाय पुसून हुबं ऱ्हावा." लोक हसायचे आणि खरंच पाय पुसायचे. माझ्यावरून रिक्षा गेल्या, बस गेल्या, गणपतीचे ट्रॅक्टर गेले. मी कधी हललो नाही. सगळ्या कोल्हापुरात रोज तोंड धुतलं जाणारं झाकण मी एकटाच असेन. त्याचा मला गर्व होता.

मग समोरच्या इमारतीत विजयसिंहचा क्लास आला. विजयसिंह मूळचा कुरुंदवाडचा. स्पर्धा परीक्षेचं सामान्य ज्ञान शिकवायचा. पोरं कमी होत गेली तसा तो मोबाईलवर व्हिडिओ करू लागला. त्याचं म्हणणं असं, की जग चालवणारी तेरा माणसांची एक गुप्त मंडळी आहे. उसाचा दर तीच ठरवते, परीक्षेचे पेपर तीच फोडते, आणि आपल्या नळाला पाणी आलं नाही तर तेही तिच्याच हुकमानं. त्या मंडळीची खूण म्हणे त्रिकोण, आणि त्यात सगळ्यांवर नजर ठेवणारा एक डोळा. गुप्त मंडळी आपली खूण गल्लोगल्ली कशाला उमटवील, हे त्याला कुणी विचारलं नाही. हजारो लोक ते व्हिडिओ बघत होते. आणि एक दिवस भाजी घ्यायला म्हणून तो खाली वाकला आणि त्याची नजर माझ्या तोंडावर पडली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो चार माणसं आणि एक पहार घेऊन आला. तानाबाई पाणी प्यायला पलीकडच्या दुकानात गेली होती. पहारेनं मला उचकटताना माझ्या कडेचा टवका उडाला. बीड वाकत नाही, ते तुटतं. मला क्लासच्या पायरीवर उभं करून त्यांनी व्हिडिओ काढला. चेंबरचा वास येत होता म्हणून त्यावर एक फ्लेक्स अंथरला. विजयसिंहच्याच वाढदिवसाचा होता तो, गॉगल घातलेला त्याचा हसरा चेहरा आणि खाली शुभेच्छुकांची रांग.

मी पायरीवरून सगळं बघत होतो. तानाबाई परत आली. रोजच्या सवयीनं तिनं माझ्या जागेवर पाय ठेवला आणि त्या हसऱ्या चेहऱ्यासकट ती आत गेली. खुब्याचं हाड मोडलं. तिला वर काढायला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ ती आतून एकच हाक मारत होती, "आकाराम, आरं झाकान कुटं गेलं?"

मित्रांनो, मला हात असते तर त्या दिवशी मी काय केलं असतं, ते तुमच्यासारख्या मुलांना सांगण्याजोगं नाही.

विजयसिंहला लाज वाटेल असं मला वाटलं होतं. त्यानं उलट नवा व्हिडिओ केला. बाई पडली ती त्याच्यामुळं नाही, हा बळी आहे, आणि ही खूण कोरणाऱ्यानं स्वतःच्या सख्ख्या बहिणीचा तो दिला आहे, असं त्यानं सांगितलं. आकारामचं नाव घेतलं, शिरोलीतल्या त्याच्या सुतारकामाच्या शेडचा पत्ताही दिला. फौंड्रीत फोनवर फोन येऊ लागले. मालकानं आकारामला बजावलं, की सगळ्या पॅटर्नवरची खूण तासून टाक, नाहीतर तुझी लाकडं घेऊन जा. बापाच्या गुण्यावरून घेतलेली खूण होती ती. तीस वर्षांत तिच्यामुळं आकारामला एकदाही मान खाली घालावी लागली नव्हती.

पुढच्या रविवारी क्लासच्या हॉलमध्ये सभा होती. मी टेबलावर पुरावा म्हणून उभा होतो. आकाराम वडिलांचा गुण्या पिशवीत घालून आला. त्यानं तो सगळ्यांना दाखवला, खिळ्याचं भोक दाखवलं, फौंड्रीचा रिवाज समजावून सांगितला. चूक कुणाची ते कळावं म्हणून खूण असते, लपवायची असती तर कोरली कशाला असती, असंही तो म्हणाला. हॉलभर लोक होते, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. विजयसिंह हसून म्हणाला, "असंच सांगायला शिकवलंय त्यांनी." सगळे हसले.

आकारामनं गुण्या पिशवीत ठेवला. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या टवक्यावरून अंगठा फिरवला. त्या क्षणी त्याच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण तेच माझ्या मनात होतं.

"बरं," तो म्हणाला. "तुमी म्हंताय तेच खरं. हाय मी त्यातला. आता आमचा मोठा माणूस कोन ते पन ऐका. कुरुंदवाडला बाळासोंच्या गुऱ्हाळावर जावा आनि चरकाचं मोठं चाक आतल्या अंगानं बघा. आमच्या माणसाच्या दारातच आमी ती खूण ठेवतो."

बाळासो म्हणजे विजयसिंहचे वडील. सगळ्यांच्या माना विजयसिंहकडं वळल्या. कुणीतरी कुरुंदवाडच्या मेव्हण्याला फोन लावला. दहा मिनिटांत फोटो आला. उसाच्या रसानं काळवंडलेलं चाक, आणि त्यावर त्रिकोण, मधे गोल. सतरा वर्षांपूर्वी त्या चरकाचा पॅटर्न आकारामनंच केला होता.

विजयसिंह घामानं भिजला. "अहो, ती कारागिराची खूण आहे," तो सांगू लागला. "ज्यानं पॅटर्न केला त्याची. चूक कळावी म्हणून असते." शब्दन् शब्द आकारामचा. मागच्या रांगेतून एकजण ओरडला, "असंच सांगायला शिकवलंय न्हवं तुला?" खुर्च्या उडाल्या. विजयसिंह मागच्या दारानं पळाला.

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? एकोणीस वर्षांत झाला नव्हता एवढा झाला. माझ्या चेंबरवर महापालिकेनं तोवर फरशी टाकली होती, म्हणून आकाराम आणि एका रिक्षावाल्यानं मला उचललं, आणि शिरोलीपर्यंत मी रिक्षात एखाद्या पाहुण्यासारखा बसून गेलो. विजयसिंहच्या नावाचे व्हिडिओ आता दुसरेच लोक करू लागले. क्लास बंद पडला. तो गाशा गुंडाळून कुठं गेला ते कुणाला ठाऊक नाही. हे सगळं मी आकारामच्या शेडमध्ये भिंतीला टेकून ऐकत होतो आणि मनातल्या मनात खणखणत होतो.

पण हॉलमधली माणसं त्या दिवशी सरळ घरी गेली नव्हती. चाळीसएक गाड्या कुरुंदवाडला गेल्या होत्या. ते मला आठ दिवसांनी कळलं.

त्या सकाळी शेडच्या दारात एक म्हातारा उभा राहिला. पांढरं धोतर, खांद्यावर एक पोतं. ते बाळासो होते. संक्रांत झाली, की ते दर वर्षी आकारामकडं गुळाची ढेप घेऊन यायचे. आकाराम उठला आणि बसा म्हणाला, पण ते बसले नाहीत. पोतं त्यांनी जमिनीवर ठेवलं. आतून ठण्ण असा आवाज आला. आपल्या जातीचा आवाज बिडाला लगेच ओळखू येतो.

त्यांनी पोतं सोडलं. चाकाचा तुकडा होता, घणानं फोडलेला. त्रिकोणाचा एक कोन गेला होता, गोल शाबूत होता. माझा धाकटा भाऊ होता तो, एकाच हातानं घडवलेला. त्यानं कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं, सतरा वर्षं ऊस पिळला होता.

"मेस्त्री," बाळासो म्हणाले, "चरक बसवलास तवा मी तुला इचारलं हुतं, ही खूण कशाला. काय सांगितलं हुतंस?"

आकारामनं तुकड्यावरच्या खुणेवरून बोट फिरवलं. मग खाली बघून म्हणाला, "चूक कुनाची ती कळावी म्हणून."

"मग बघ," बाळासो म्हणाले. "कळतीया का ते."

पोरानं तानाबाईशी जे केलं त्याबद्दल ते हात जोडून माफी मागून गेले. चहा त्यांनी घेतला नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, पण ते जळताना ओलं असं आपल्या दारात येऊन उभं राहतं, हे मला माहीत नव्हतं.

आकारामनं बाळासोंच्या चरकासाठी नव्या चाकाचा पॅटर्न केला. बारा दिवस त्यानं दुसरं काम हातात घेतलं नाही. खूण त्यानं कोरलीच, पण या वेळी बाहेरच्या अंगाला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. फौंड्रीच्या मालकानं कुरकुर करत तेवढं एक चाक ओतून दिलं आणि नंतर त्याला काम द्यायचं बंद केलं. आकारामनं भरल्या सभेत स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं ना! आता तो कितीही गुण्या दाखवत फिरला तरी कोण ऐकणार? दुसऱ्याला अपशकुन करायला त्यानं आपलंच नाक कापून घेतलं होतं, आणि त्या सुरीला धार माझ्या टवक्यानं लावून दिली होती.

मग एक दिवस त्यानं मला परत आणून माझ्या जागेवर बसवलं. तानाबाई आता वॉकर घेऊन येते. स्टुलावर बसून आधी मला पुसते. पण लोक मला वळसा घालून जातात. आया मुलांचा हात धरून त्यांना बाजूला ओढतात. तेवढ्यात तानाबाई मुद्दाम आपला दुखरा पाय माझ्यावर ठेवते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "माझ्या भावाचं हाय."

मित्रांनो, तुम्ही तरी माझ्यावर पाय ठेवून जा. टवका उडालाय म्हणून मी थोडा डुगडुगतो, पण तुमचा भार घेईन. कुठल्या गल्लीतलं झाकण कुणी उचकटताना दिसलं, तर जगाचा मालक कोण याची चर्चा नंतर करा, आधी त्या भोकाजवळ उभे राहा, आणि झाकण परत बसेपर्यंत हलू नका. आणि सूड घ्यायची वेळ आली, तर घण कुणाच्या दारात पडणार आहे ते आधी बघून घ्या. मी बघितलं नव्हतं.

विजयसिंहवरचा माझा राग आजही गेलेला नाही. तो या गल्लीत परत यावा, त्याला माझ्यावरून चालत जावं लागावं आणि मी त्याच्या पायाखाली जोरात वाजावं, अशी माझी फार इच्छा आहे. त्याच्या नजरेला नजर द्यायला मी तयार आहे. पण एखाद्या दिवशी बाळासो भाजी घ्यायला इथं थांबले, तर मी काय करू? मला तोंड लपवता येत नाही, आणि खूण तोंडावरच आहे.