खांबाला वळसा

जयसिंग आप्पा पोरी निवडायचे ते बाजारात बैल बघणाऱ्या दलालासारखे. दात तेवढे बघायचे नाहीत. पलटणीत असताना बास्केटबॉल खेळलेला माणूस. नोकरी संपल्यावर दौंडात घर केलं आणि तिथल्या एका शाळेच्या मुलींना खेळ शिकवायला लागले. उंचीवर भुलणाऱ्यांची त्यांना चीड होती. "उंची काय, ज्वारीच्या ताटालाबी असती," म्हणायचे. "वारा आला की आडवं." ते बघायचे ती ईर, जिंकायची धग. हरल्यावर पोरीच्या चेहऱ्यावर काय होतं, पाणी प्यायला सोडल्यावर कोण आधी मैदानात येतं, असल्या बारीकसारीक गोष्टी ते मनातल्या मनात जमेला धरायचे किंवा वजा टाकायचे, आणि शेवटी बाकी काढायचे.

मला त्यांनी पहिल्यांदा बघितलं ते शिरूरला, तालुक्याच्या खो-खोच्या सामन्यांत. आमची इनामगावची शाळा पहिल्याच फेरीत बाद झाली. बाकीच्या पोरी थोडं रडल्या आणि भेळ खायला गेल्या. भेळ मलाही हवी होती, पण ज्यांनी आम्हाला हरवलं त्यांना कोण हरवतंय हे बघितल्याशिवाय माझा पाय निघेना. उन्हात उभी राहून बघत होते. ते लोक हरले तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवत होते म्हणे. शेजारी पांढऱ्या मिशांचा एक माणूस उभा होता, तो हसला आणि माझ्या वडिलांचं नाव विचारून गेला.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. नाव भिमाजी. आप्पा त्यांना गाठून म्हणाले की मे महिन्यात पोरीला दौंडला आणा. मुलींच्या संघात एक जागा रिकामी होणार आहे. निवड झाली तर वसतिगृहात राहील, आठवीपासून मॅट्रिकपर्यंत शिकेल.

आमच्या गावची शाळा सातवीला संपायची, आणि मी सातवी संपवून बसले होते. पुढं काय, हे घरात ठरलेलंच होतं. हिवाळ्यात टेकाडावर उत्खनन चालायचं तिथं आईबरोबर मातीची घमेली वाहायची, पावसाळ्यात दुसऱ्याच्या रानात खुरपायचं. उत्खननाचं काम वाईट नव्हतं. पुण्याहून आलेले लोक हजारो वर्षांपूर्वीच्या मडक्याचं खापर मऊ ब्रशानं असं पुसायचे की माझी आई साखरबाई म्हणायची, मेल्यांनी माझ्या घरातलं मडकं असं कधी घासलं असतं तर. पण घमेलं ते घमेलंच. मला पुढची पुस्तकं हवी होती आणि तिथं जायला दौंडच्या त्या एका जागेशिवाय दुसरी वाट नव्हती.

एसटीत आबांनी मला एकच गोष्ट पढवली. "आपुन त्यांच्या दारात चाललोय. तोंड आवरून ऱ्हा. कुणी काय म्हणलं तरी उलटून बोलायचं न्हाई." आमच्या बौद्धवाड्यात आबांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे, आणि मी तर घरातलीच.

मैदान रेल्वे कॉलनीच्या मागं होतं. दोन टोकांना दोन लोखंडी खांब, त्यांना फळ्या, फळ्यांना कड्या. यार्डातलं इंजिन सुटलं की कोळशाची राख फळीपर्यंत यायची. पाच-सहा पोरी आल्या होत्या. दोन दिवसांत आप्पांनी बाकीच्यांना गोड बोलून घरी पाठवलं आणि दोघी उरलो. मी आणि खुटबावची अंजना.

अंजना बागायतदाराची. रोज सकाळी पॅसेंजरनं यायची, सोबत चुलते बबनराव, सोसायटीचे चेअरमन. ते लिंबाखाली खुर्ची टाकून बसायचे. खुर्ची कुठून यायची कुणास ठाऊक, पण चेअरमन जिथं जातील तिथं एक खुर्ची उगवायचीच. आबा त्याच लिंबाच्या दुसऱ्या अंगाला बुंध्याला टेकून बसायचे. अंजनाच्या पायांत कॅनव्हासचे बूट होते आणि तोंडात जीभ होती. दोन्ही ती भरपूर वापरायची.

आणि आप्पांना तेच हवं होतं. त्यांची पारखायची एक खोड होती. दोघींना समोरासमोर खेळवायचे, गुण स्वतः मोठ्यानं मोजायचे, आणि मधेच एखाद्या बास्केटचे गुण खाऊन टाकायचे. मुद्दाम. मग कोण भांडतं ते बघायचे. ज्या पोरीला आपलं गेलेलं सोसत नाही, तिच्यात ईर. हे मला पुढं त्यांच्या हाताखाली खेळताना कळलं. त्या दिवशी एवढंच दिसलं की म्हातारा हिशेबाला कच्चा आहे. अंजनाचे गुण त्यांनी खाल्ले तेव्हा ती कमरेवर हात ठेवून अशी भांडली की यार्डातला एक खलाशी मजूर काम टाकून बघत राहिला. माझे खाल्ले तेव्हा मी आबांकडं बघितलं आणि गप्प राहिले. बेरीज माझ्या डोक्यात बरोबर होती. तिथंच ठेवली.

आप्पांच्या मनातल्या खात्यात माझ्या नावावर पहिली रक्कम तिथं वजा पडली. दुसरी पडली ती खांबामुळं.

खो-खोत पाठलाग करणारीनं एकदा दिशा धरली की मधून माघारी फिरता येत नाही. टोकाच्या खांबापर्यंत जायचं, त्याला वळसा घालायचा, मगच दुसरीकडून यायचं. मधेच फिरली की फाऊल. हा नियम माझ्या अंगात इतका मुरला होता की झोपेतसुद्धा मी कूस बदलताना विचार करत असेन. बास्केटबॉल शिकवताना आप्पांनी सगळं सांगितलं. चेंडू धरून किती पावलं चालायचं, कडीखाली किती वेळ थांबायचं, कुठून टाकायचं. मधून माघारी फिरता येतं, हे तेवढं सांगितलं नाही. ते कोण सांगतं? जमिनीवर चालताना पडू नका, असं कुणी सांगत नाही.

तेव्हा व्हायचं असं. चेंडू अंजनाच्या हाती गेला की ती होती तिथून वळून माझ्या कडीकडं सुटायची. मी मात्र आधी समोरच्या खांबापर्यंत पळायची, बाहेरून वळसा घालायची आणि मग जीव खाऊन माघारी यायची. मला वाटायचं, अंजना नियम मोडतेय आणि आप्पा तिला काही बोलत नाहीत. चेअरमनची पुतणी आहे, चालायचंच. उलटून बोलायचं नाही म्हणून तेही गिळलं.

बबनरावांच्या नजरेतून हे सुटलं नाही. लिंबाखालून म्हणाले, "आप्पा, ही इनामगावची पोर प्रदक्षिणा घालतीया का काय? नवस बोलून आलीया वाटतं." कडेला बघायला जमलेली माणसं हसली. आबांनी खाली बघून काडीनं मातीत रेघा ओढल्या. मी आणखी जोरात पळाले. खांबाला वळसा घालूनच.

आप्पांनी शिट्टी वाजवली. चेंडू काखेत घेऊन ते आबांकडं गेले. आम्ही दोघी धापा टाकत मागं उभ्या होतो.

"भिमाजी, पोरीला पाय हायेत, हातबी चांगला हाय," आप्पा म्हणाले. "पर ईर न्हाई. हक्काचं गेलं तरी बोलंना. चेंडू गेला की फेरफटका मारती. शिरूरला मला येगळंच वाटलं हुतं."

आबांनी मान हलवली, जणू हे ऐकायलाच ते एवढ्या लांब आले होते. उठून टोपी झटकली. परतीची एसटी दुपारची होती. मला तिथं उभ्या उभ्या टेकाडावरची घमेली दिसायला लागली.

तेव्हा अंजना बोलली. मी नाही. ती.

"आप्पा, तुम्ही तिला सांगितलंच न्हाई."

"काय सांगितलं न्हाई?"

"मधनं फिरता येतं ते. ती खो-खोतली हाय. खांबाला वळसा घातल्याबिगर ती फिरायची न्हाई. मीबी खेळलीया, मला म्हाईतीय." तिनं घाम पुसला. "आन् येक सांगू? मी मधनं फिरती, ती टोकावरनं फिरती. तरी चेंडू टाकायला हात वर करावा, तर ही फुड्यात हुबी."

बबनराव खुर्चीतून अर्धे उठले. "अंजे, तुला कुणी इचारलं?"

"काका, दुप्पट पळवून हिला घालवली, तर मी काय जिंकले?" ती म्हणाली. आवाज गुण मागतानाचाच होता, भांडायचा. माझ्यावर दया वगैरे त्यात काही नव्हतं. तिचं काहीतरी कुणीतरी खाल्लंय आणि ते तिला वसूल करायचंय, असाच तो आवाज होता.

आप्पांनी मिशीवर बोट फिरवलं. खांबाकडं बघितलं, मधल्या रेषेकडं बघितलं. मग मला विचारलं, "व्हय गं?"

मी आबांकडं बघितलं. आबांच्या हातात टोपी तशीच होती. त्यांनी एकदा बबनरावांच्या खुर्चीकडं बघितलं, एकदा अंजनाकडं. मग म्हणाले, "बोल की. इचारत्यात ते."

"व्हय," मी म्हणाले. आणि एकदा बांध फुटला तो फुटलाच. "आन् मघा माझी दोन बास्केट तुम्ही धरली न्हाईत. येक त्या अंगाची, फळीला लागून पडली ती. आन् येक इकडची, इंजनानं शिट्टी मारली तवाची. काल येक. आन् हिचीबी येक ऱ्हायलीया, भांडली तरी तुम्ही दिली न्हाई."

आप्पा इतके हसले की त्यांना खोकला आला. "भिमाजी, पोरगी मुकी हाय असं वाटलं हुतं. ही तर तलाठीण निघाली."

मग त्यांनी आम्हाला पुन्हा उभं केलं. या खेपेला गुण मोजले नाहीत, नुसते बघत राहिले. मी चांगली खेळले असं म्हणणार नाही. पाय ऐकेनात. मधेच वळायला गेले की अंगातला जुना नियम आडवा यायचा. एकदा तर वळताना तोंडावर पडले आणि गुडघा सोलला. पण मग एकदा वळले. नीट, मधल्या रेषेपाशी. आणि बघते तर अंजना अजून लांब होती, आणि माझ्याकडं वेळच वेळ होता. एवढा वेळ आयुष्यात कधी हाताशी आला नव्हता. मी तिच्या हातचा चेंडू काढून घेतला. ती बघतच राहिली, मग शिवी द्यावी तशी हसली.

आप्पांनी जागा मला दिली. बबनराव म्हणाले, ईर तर आमच्या पोरीत जास्त हाय, तुम्हीच बघितलंत. आप्पा म्हणाले, खरं आहे. "पर हिचा खेळ आजून निम्मासुदिक भायेर आला न्हाई, चेअरमन. ऱ्हायलेला मला बघायचाय." बबनरावांनी खुर्ची उचलून जिथली तिथं नेऊन ठेवली. स्वतःच्या हातानं. ते त्यांच्याही खात्यात मी जमेलाच धरते.

आमची दुपारची एसटी कधीच गेली होती. संध्याकाळी अंजनाला गाठायला आबा आणि मी स्टेशनात गेलो. खुटबावला जाणारी पॅसेंजर लागली होती. आबा डब्याच्या खिडकीपाशी गेले आणि त्यांनी अंजनापुढं हात जोडले. ती कावरीबावरी झाली.

"मामा, हात कशाला जोडताय? मी तुमच्यासाठी न्हाई बोलले," ती म्हणाली. "फुडच्या साली हिच्याशी पुना खेळनार हाय. तवा हिनं येड्यागत पळाय नको, म्हनून."

मला तिचे आभार मानायचे होते. एसटीत नेमकं कसं बोलायचं नाही ते शिकले होते, कसं बोलायचं ते नाही. मी म्हणाले, "बुटाची नाडी सुटलीया तुझी." तिनं खाली बघितलं, गाडी हलली.

पुढच्या मे महिन्यात ती खरंच आली आणि पहिल्याच दिवशी तिनं मला हरवलं, सगळ्यांसमोर, नीट, मोजून. आप्पांनी तिलाही संघात घेतलं. आम्ही एकाच खोलीत राहिलो, मॅट्रिक झालो, जिल्ह्याला खेळलो. पुढं मला नोकरी लागली, तिला संसार. माणसांची देणी-घेणी बघत माझा जन्म चालला आहे. बहुतेकांचं कुठं ना कुठं फिटतं. अंजनाचं मी फेडायला गेले की ती अजून तेच म्हणते, तुला हरवायची हुती गं, दुसरं काय. मग मी तिला चहा टाकते, आणि ती कपात साखर कमी आहे म्हणून भांडते.