पुढची आयत

मोरोक्कोतल्या सेफ्रू गावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझी, म्हणजे बुआझ्झाची, भट्टी आहे. बायका घरी कणीक मळून रोट्या फळीवर पाठवतात, मी भाजून देतो. मला लिहिता-वाचता येत नाही. तरी दर गुरुवारी तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजानंतर आम्ही पाच-सहा जण दारोदार फिरून लोकांना दीन-धर्म सांगायचो. आमचा म्होरक्या म्हणायचा, कुराणातली एकच आयत येत असली तरी ती पोचवा. नाही पोचवली तर कयामतच्या दिवशी शेजारीच तुमची मानगूट धरेल. त्या मानगुटीची मला फार धास्ती होती.

मला रोज्याची आयत पाठ होती: तुमच्यावर रोजे बंधनकारक केले आहेत. तेवढ्या अर्ध्या हळकुंडानं मी पिवळा झालो होतो.

समोर खोगीरं शिवणारा अल्लाल. त्याला साखरेचा आजार, दिवसातून दोनदा पोटात सुई टोचून घ्यायचा. रमजानात दुकानाचं दार अर्धं ओढून, पाठमोरा बसून रोटी खायचा. माझ्याच भट्टीतली. आजाऱ्याला सूट असते हे मी ऐकून होतो, पण आजारी म्हणजे अंथरुणाला खिळलेला, अशी माझी समजूत. हा तर चांगला चालताबोलता.

रमजानच्या पहिल्या गुरुवारी मी सगळ्यांना घेऊन त्याच्या दारात उभा राहिलो आणि आयत म्हटली. त्यानं तोंडातला घास हातावर काढून ठेवला. दुसऱ्या गुरुवारी पुन्हा गेलो.

"अल्लाल, तुझ्या गिऱ्हाइकांची गाढवंसुद्धा मालकाचं ऐकतात," मी म्हणालो.

सगळे हसले. तोही हसला. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या दुकानाचं दार सताड उघडं राहू लागलं. अल्लालनं रोजे धरले, ते माझ्यामुळे, असं मी गल्लीभर सांगत फिरलो.

बाविसाव्या रोज्याला तो खोगिरावरच कोसळला. दवाखान्यात गेला तो शुद्धीवर आलाच नाही.

दफनानंतर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी कुराणपठण झालं. माझी आयत आली तसे माझेही ओठ हलले. पढणारा थांबला नाही. लगेच पुढची आयत: तुमच्यात जो आजारी असेल, त्यानं राहिलेले रोजे नंतर धरावेत. मशिदीत ती शंभरदा माझ्या कानांवरून गेली असेल, पण आपली आयत संपली की माझं लक्षही संपायचं. तिच्यात अंथरुणाचं नावही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको तामू स्वतः फळी घेऊन भट्टीवर आली. विधवेचे पांढरे कपडे, डोळे कोरडे. तिनं काही विचारायच्या आतच मी बोलून गेलो, की पुढची आयत मला पाठ नव्हती, मला माफ करा.

तिनं फळी ओट्यावर ठेवली.

"त्यांना पाठ होती," ती म्हणाली. "मी रोज म्हणायचे, सोडा तो रोजा. तर म्हणायचे, अल्लाहला ठाऊक आहे गं, पण बुआझ्झाला कोण समजावणार?"

मला तोंड वर करवेना. ती तिथंच उभी राहिली, कारण रोट्या घेऊन जायच्या होत्या. शेजारी मानगूट धरेल ती कशासाठी, ते आता मला कळलं होतं. मी फळी उचलली आणि एकेक रोटी आत सारली.