कुशाबाईंच्या रानात मी उशिरा पोचले

ग्रामपंचायतीच्या मागच्या पत्राशेडमध्ये कोंबड्यांनी जिच्यावर बस्तान मांडलंय, ती मीच, मित्रांनो. मी गावाची जुनी पाचट कुट्टी मशीन आहे.

बारामतीहून इंदापूरकडे जाताना कालव्याच्या कडेला आमचं गाव लागतं. इथे ऊस तुटला की रानात गुडघाभर वाळका पाला उरतो, तेच पाचट. पूर्वी सगळे त्याला सरळ काडी लावायचे. वाळत घातलेल्या धुण्यावर काजळी पडायची आणि जमीन भाजून निघायची. सरपंच प्रयागबाईंनी ग्रामसभेत सगळ्यांचे हात वर करून घेतले, की यापुढे गावात पाचट पेटवायचं नाही. मग पंचायतीने मला आणलं. ट्रॅक्टरमागे पाचटाचा चुरा करत मी निघाले की जमीन झाकली जायची, ओल टिकायची. उन्हाळे वरचेवर कडक होत चाललेत, त्यात ही ओल मोठा आधार होती. मला हार घातला, नारळ फोडला. मी फार खूश होते.

पण मला आधी कुणाकडे पाठवायचं यावरून कुरबुर सुरू झाली. प्रयागबाई भावकीला झुकतं माप देतात, असं लोक बोलू लागले. ते त्यांच्या फार मनाला लागलं. त्यांनी वॉर्डाप्रमाणे पाळी लावून दिली. दिसायला अगदी न्यायाचं होतं, पण ऊस कुठे वॉर्ड पाहून तुटतो? तो कारखान्याची तोडणी येईल तसा तुटतो. पहिल्या वॉर्डात ऊस उभाच होता आणि मी तिथे रिकामी बसून होते. शेवटच्या वॉर्डातले फड मात्र मोकळे झाले होते.

तिथेच कुशाबाईंचं रान होतं. बांधावर त्यांनी लेकरासारखी वाढवलेली चिंच होती. शेजारच्या सावळारामांनी माझ्यासाठी पंचायतीत किती खेटे घातले. कालव्याला पाणी सुटलं होतं आणि पाचटामुळे ते सरीत पुढे सरकत नव्हतं. शेवटी ते कुशाबाईंना म्हणाले, "वैनी, पाणी निघून जाईल. म्या पेटवतो, तुमीबी लावा काडी."

"न्हाय भावजी. सभेत हात वर केलाय. मशीन येईस्तवर थांबते मी."

दुपारी वारा फिरला. सावळारामांची आग बांध ओलांडून आली आणि कुशाबाईंच्या न पेटवलेल्या पाचटात शिरली. चिंच उभी जळाली.

दुसऱ्या दिवशी पाळी मोडून मला तिकडे नेलं. राखेत मला काहीच काम नव्हतं. प्रयागबाई मान खाली घालून म्हणाल्या, "कुशाक्का, चुकलं माझं. माझ्यावर बोल यायला नगं म्हणून पाळी धरून बसले."

कुशाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी जळक्या खोडावरून नुसता हात फिरवला.

पुढची ग्रामसभा माझ्या शेडसमोरच भरली. पाचट न पेटवण्याचा तोच ठराव पुन्हा आला. सगळे कुशाबाईंकडे पाहत होते. त्यांचा हात मांडीवरून हलला नाही, मग कुणाचाच हलला नाही. तेव्हापासून गावात पुन्हा काडी लागते आणि मी इथेच पडून आहे.

मित्रांनो, माझी पाती अजून शाबूत आहेत. उद्या गावाचा कारभार तुमच्या हाती आला, तर ऊस कुठे तुटलाय ते पाहून मला तिकडे न्या. ज्यांनी गावाचा शब्द पाळला, त्यांना ताटकळत ठेवू नका. हात वर करणारं माणूस एकदा गमावलं, की मशीन कितीही चांगली असली तरी तिच्यावर कोंबड्याच बसतात.